उद्याच्या समाजाला लिहिलेली पत्रे



गावात पारावर चार माणसे जमली की बोलणे पाऊसपाण्यावरून सुरू होते आणि बघता बघता समाजाचे पुढे कसे होणार, या विषयावर येऊन ठेपते. शिकलेली मुले शेतीत राहीनात, लग्नाचा खर्च आवरेना, जातीचा पीळ सुटेना, असे कितीतरी विषय निघतात. कधी कधी त्या बोलण्यात मोठे मर्म असते. ऐकणाऱ्याला वाटते, हे कोणीतरी उतरून घ्यायला हवे होते. पण दिवेलागण झाली की मंडळी उठतात आणि बोललेले तिथेच राहते. दुसऱ्या दिवशी पुन्हा श्रीगणेशा.

आता प्रश्न असा, की ज्याच्या हाती सत्ता नाही, फौज नाही, मोठे पद नाही, अशा एकट्या माणसाने आपल्या समाजाविषयीचे विचार कागदावर मांडले आणि चारचौघांपुढे ठेवले, तर त्याने काही होते का? की ती नुसती हौसच? या प्रश्नाचे उत्तर तर्काने देत बसण्यापेक्षा आपण आपल्याच इतिहासात थोडे मागे जाऊन पाहू या. फार दूर नव्हे, १८४८ सालापर्यंत.

त्या वेळचा महाराष्ट्र डोळ्यांपुढे आणा. पेशवाई बुडून तीस वर्षे झाली होती. शनिवारवाड्यावरचे भगवे निशाण उतरलेले ज्यांनी डोळ्यांनी पाहिले, अशी माणसे पुण्यात अजून हिंडत फिरत होती. साताऱ्याचे राज्यही त्याच साली इंग्रजांनी खालसा केले. आगगाडी अजून यायची होती. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली ती १८५३ साली. सगळीकडे एकाच दराने चालणारे अर्ध्या आण्याचे टपालाचे तिकीट आले ते १८५४ साली. मुंबईचे विद्यापीठ निघाले ते १८५७ साली. म्हणजे पुण्यात बसून कोणी चार ओळी लिहिल्या, तर त्या मुंबईला पोचायच्या घाट उतरून, हरकाऱ्याच्या पाठीवरून.

पण एक गोष्ट मात्र आली होती, आणि ती म्हणजे छापखाना. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ काढले. एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला मराठी, असा त्याचा थाट. मराठी वृत्तपत्राची ती पहिली पणती. ती १८४० साली विझली खरी, पण बाळशास्त्र्यांच्या सहवासात तयार झालेल्या गोविंद विठ्ठल कुंटे, म्हणजेच भाऊ महाजन, यांनी पुढच्याच वर्षी, १८४१ साली, ‘प्रभाकर’ नावाचे साप्ताहिक सुरू केले. हे साप्ताहिक होते मराठी भाषेतले. ज्याला इंग्रजी येत नाही, पण बाराखडी येते, अशा माणसासाठी ते होते.

या ‘प्रभाकरा’त १८४८ पासून पत्रे छापून येऊ लागली. पत्रांखाली सही असे ‘लोकहितवादी’. म्हणजे लोकांच्या हिताचे बोलणारा. दोन वर्षांहून थोडा अधिक काळ, १८५० पर्यंत, ही पत्रे येत राहिली. मोजली तर ती १०८ भरतात, पण लोकांनी त्यांना सोयीने नाव दिले ‘शतपत्रे’. आजही ती त्याच नावाने ओळखली जातात.

कोण होते हे लोकहितवादी? त्यांचे नाव गोपाळ हरि देशमुख. १८२३ साली पुण्यात जन्मलेले. त्यांचे वडील बापू गोखल्यांच्या पदरी फडणिशीचे काम करीत. पेशव्यांचे शेवटचे सेनापती ते हे बापू गोखले. १८१८ साली आष्टीच्या लढाईत ते पडले आणि पेशवाई संपली. तेव्हा राज्य कसे जाते, आणि ते गेल्यावर घराण्यांची कशी वाताहत होते, हे या मुलाला पोथीतून शिकावे लागले नाही. घरातच ते ऐकायला मिळाले. पुढे ते इंग्रजी शिकले, सरकारी कचेरीत भाषांतराच्या कामावर लागले. ‘प्रभाकरा’त लिहायला बसले तेव्हा त्यांचे वय होते अवघे पंचवीस.

वय पंचवीस, नोकरी सरकारची आणि वस्ती पुण्याची! असा माणूस टोपणनाव घेतो यात नवल नाही. पण बरं का, टोपणनाव आणि निनावी लिहिणे यांत फरक आहे. ‘लोकहितवादी’ ही सही दोन वर्षे तीच राहिली. आज एक बोलायचे आणि उद्या दुसऱ्या नावाने त्याच्या उलट बोलायचे, अशी सोय त्यांनी ठेवली नाही. या सहीचा माणूस काय म्हणतो हे वाचकाला ठाऊक झाले, आणि त्या सहीवर तो रागावू शकला, तिला जाब विचारू शकला. पुढे तर हे नाव त्यांच्या खऱ्या नावापेक्षाही मोठे झाले.

आता त्या पत्रांत होते तरी काय? राज्य का गेले, इथून त्यांची सुरुवात होते म्हणा ना. पण त्याचे खापर ते परक्यांवर फोडीत नाहीत. ते म्हणतात, आपण आळशी झालो, पाठांतरालाच विद्या समजू लागलो, जगात काय चालले आहे ते पाहिले नाही. अर्थ न कळता नुसते घोकणाऱ्या विद्वानांवर त्यांनी कोरडे ओढले, आणि ते स्वतः ब्राह्मण असल्यामुळे ते कोरडे अधिक झोंबले. बालविवाह, विधवांचे हाल, त्यांचे केशवपन, हुंडा आणि लग्नातली उधळपट्टी, यांवर त्यांनी लिहिले. मुलींना शिकवा म्हणून लिहिले. त्याच १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली, हे ध्यानात घ्या. एकाच शहरात, एकाच वर्षी, कोणी लेखणी हाती घेतली होती, तर कोणी पाटी. आणि पाटी घेणाऱ्यांना शेणमातीचा मारा सोसावा लागला.

आपल्या आजच्या विषयाला धरून पाहिले तर पत्रांतला सगळ्यांत विशेष भाग आहे तो पुढच्या काळाविषयीचा. लोकहितवादींनी लिहिले की परदेशी माल घेणे सोडा. आपल्या देशात होईल ते कापड जाडेभरडे असले तरी तेच वापरा, म्हणजे आपल्या कारागिरांच्या पोटाला मिळेल. हे लिहिले १८४९ च्या सुमारास. स्वदेशीची मोठी चळवळ उभी राहिली ती वंगभंगानंतर, १९०५ साली. मध्ये अर्धशतकाहून अधिक काळ गेला. त्यांनी असेही सुचवले की लोकांनी राणीकडे अर्ज करून या देशासाठी पार्लमेंट मागावे आणि त्यात इथल्या माणसांना जागा असाव्यात. राष्ट्रीय सभेची पहिली बैठक मुंबईत भरली १८८५ साली, आणि सर्व प्रौढांना मतदानाचा हक्क देऊन लोकसभेची पहिली निवडणूक झाली १९५१-५२ साली. त्यांनी आणखी एक इशारा दिला. लोक शहाणे झाले म्हणजे ते राज्यकारभारात आपला हक्क मागतील, आणि जुलूम फार झाला तर अमेरिकेत जसे घडले तसे इथेही घडेल, असे त्यांनी लिहिले. अमेरिकेत काय घडले होते, हे शिक्षक मंडळींना सांगायला नको. आणि हे लिहिणारा इंग्रज सरकारचाच नोकर होता!

हे ऐकून कोणी म्हणेल, काय द्रष्टा पुरुष होता! त्यांची थोरवी मला मान्यच आहे, पण माझा मुद्दा तो नाही. कारण त्याच पत्रांत न पटणारेही पुष्कळ आहे. इंग्रजांचे राज्य ही ईश्वराचीच योजना आहे, ते आपल्याला शहाणे करायला आले आहेत, असा त्यांचा विश्वास जागोजागी दिसतो. त्याच्याही आधी, १८४१ साली, भास्कर पांडुरंग तर्खडकर यांनी ‘बॉम्बे गॅझेट’ या इंग्रजी पत्रात ‘एक हिंदू’ अशा सहीने पत्रे लिहून इंग्रजी राज्याने देशाची कशी लूट चालवली आहे ते परखडपणे मांडले होते. म्हणजे त्याच पिढीतल्या दुसऱ्या एका तरुणाला, त्याच इंग्रजी विद्येतून, अगदी वेगळे दिसले. पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी आपल्या ‘निबंधमाले’त लोकहितवादींवर कडक टीका केली. स्वजनांना इतके हिणवणे आणि परक्यांची इतकी स्तुती करणे त्यांना रुचले नाही. लोकहितवादी लिहितात तसे वागत नाहीत, हा आक्षेपही त्यांच्या हयातीतच घेतला गेला. १८९२ साली ते वारले. तोवर त्यांनी न्यायखात्यात वरचे हुद्दे भूषवले, तीसहून अधिक पुस्तके लिहिली, अहमदाबादेस असताना तिथल्या सुधारणेच्या कामांना हातभार लावला. पण हा आक्षेप काही त्यांची पाठ सोडीना.

माझा मुद्दा आहे तो इथे. हा आक्षेप घेता आला, तो कशामुळे? त्यांचे शब्द कागदावर होते म्हणून. तर्खडकरांचे पत्र आणि लोकहितवादींचे पत्र आपण आज शेजारी शेजारी ठेवून तपासू शकतो, तेही दोघांनी लिहून ठेवले म्हणूनच. पारावर बोललेला माणूस उद्या म्हणू शकतो, मी तसे बोललोच नव्हतो. लिहिणाऱ्याला ती पळवाट नसते. समाजाच्या भवितव्याविषयी लिहिण्याचे मोल त्यातले भाकीत खरे ठरते की खोटे, यावर अवलंबून नाही. भाकिते कोणाचीही चुकतात. लिहिणारा आपल्या समाजाला तपासायला काहीतरी देऊन जातो, आणि दुसऱ्याला उत्तर द्यायला जागा करून देतो, यात ते मोल आहे. एक पत्र दुसऱ्या पत्राला जन्म देते. अशा पत्रापत्रांतूनच समाज स्वतःशी बोलायला शिकतो.

पण मंडळी, इथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. समाज स्वतःशी बोलतो म्हणजे समाजातले कोण बोलते? ‘प्रभाकर’ वाचणारे किती आणि कोण होते? शेतकरी, कारागीर, गावकुसाबाहेरची माणसे आणि घरोघरच्या बाया यांच्या हाती ना कागद होता, ना अक्षर. लोकांचे हित बोलणारा एकजण होता, पण खुद्द लोक कुठे बोलत होते? त्यांच्या दुःखाविषयी कोणीतरी दुसराच लिहीत होता. तेही आवश्यकच होते, पण पुरेसे नव्हते.

याचे उत्तर सात वर्षांतच मिळाले, आणि ते दिले एका चौदा वर्षांच्या मुलीने. जोतीरावांच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे ही मातंग समाजातली मुलगी. तिने लिहिलेला, मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या पत्रात दोन भागांत छापून आला. त्यात तिने विचारले की वेद जर आमचे नाहीत, तर मग आमचा धर्म कोणता, ते तरी सांगा. आणि तिने असेही लिहिले की आमच्या बाया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसते. शतपत्रांत स्त्रियांविषयी कळवळा आहे, पण बाळंतिणीच्या डोक्यावर छप्पर नसते, ही ओळ तिथे बसून सुचत नाही. ती ज्याने भोगले त्यालाच सुचते. नुसते वर्तमानपत्र निघाले म्हणजे झाले असे नाही. त्यात कोणाला लिहिता येते, यावर सगळे ठरते, हे या एका निबंधाने दाखवून दिले.

पुढची हकीकतही अशीच आहे. १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी पुण्यात ‘दीनबंधु’ काढले. बहुजन समाजाचे म्हणून निघालेले ते पत्र. पुढे मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे ते चालवू लागले. जोतीरावांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला. त्याचे सुरुवातीचे भाग ‘दीनबंधु’ने छापले, पण पुढचे भाग छापायला ते धजले नाही. आपल्याच माणसांचे पत्र, पण तेही थबकले! म्हणून जोतीराव थांबले का? नाही. त्यांनी तो ग्रंथ लोकांना वाचून दाखवला. आणि १८८५ साली ‘सत्सार’ नावाच्या छोट्या पुस्तिकेचे दोन अंक स्वतःच काढले. दुसऱ्याच्या पत्रात जागा मिळेना, तर आपली चार पाने आपण छापायची, हा धडा त्यांनी घालून दिला.

त्या ‘सत्सारा’त त्यांनी एका बाईंची बाजू घेतली होती. त्या बाई म्हणजे बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. सुरतेच्या एका तरुण विधवेवर खटला झाला, आणि त्या निमित्ताने सगळ्या स्त्रीजातीवर चिखलफेक करणारा मजकूर वर्तमानपत्रांत येऊ लागला. तो वाचून ताराबाईंनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे छोटेखानी पुस्तक लिहून छापून घेतले. जे दोष तुम्ही बायकांना लावता ते पुरुषांत नाहीत का, असा त्यांचा रोखठोक सवाल. त्यांच्यावर इतकी टीका झाली की पुढे त्यांचे दुसरे पुस्तक काही आले नाही. पहिलेही विस्मरणात गेले. स. गं. मालशे यांनी ते १९७५ साली पुन्हा प्रसिद्ध केले. मधल्या त्र्याण्णव वर्षांत ते कोणाच्या फारसे कानावरही नव्हते. पण छापलेले होते म्हणून सापडले. ताराबाई नुसत्या बोलल्या असत्या, तर आज आपल्याला त्यांचे नावही ठाऊक नसते. अशा किती ताराबाई बोलल्या असतील आणि त्यांचे बोलणे हवेत विरून गेले असेल, याचा हिशेब कोण देणार?

आणि ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ काढले. त्यासाठी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत दिली. पत्राचे नावच काय ते सांगून जाते. ज्यांना आजवर तोंड नव्हते, त्यांना आता स्वतःची वाणी मिळणार होती. ‘प्रभाकरा’पासून ‘मूकनायका’पर्यंतचा हा ऐंशी वर्षांचा प्रवास मला मोठ्या लढायांइतकाच महत्त्वाचा वाटतो. लोकांच्या हिताचे दुसऱ्याने बोलण्यापासून लोकांनी स्वतः बोलण्यापर्यंतचा तो प्रवास आहे.

मग आज काय? आज छापखाना लागत नाही, हरकारा लागत नाही. खिशातल्या फोनवरून कोणीही चार ओळी क्षणात गावभर, जगभर धाडू शकतो. लोकहितवादींना जे दोन वर्षांत साधले, ते आपल्याला दोन मिनिटांत साधते, असे वरवर वाटेल. पण जरा पाहा, आपण जे धाडतो त्यातले आपले स्वतःचे किती असते? कोणीतरी कुठेतरी लिहिलेले, ज्यावर ना तारीख, ना सही, ते आपण आलेले तसेच पुढे ढकलतो. ते लिहिणे नव्हे, ती नुसती हमाली झाली. तीही कोणाच्या ओझ्याची, ते ठाऊक नसताना! अशा मजकुराला जाब कोण विचारणार? आणि विचारायचा तर कोणाला?

त्या जुन्या पत्रांपासून घेण्यासारख्या गोष्टी अगदी साध्या आहेत. पहिली म्हणजे, लिहिलेल्याखाली सही असावी आणि वर तारीख असावी, म्हणजे उद्या पडताळा पाहता येतो. दुसरी, जे स्वतः पाहिले, भोगले, तपासले, ते लिहावे. मुक्ता साळवेच्या निबंधाचे बळ तेच आहे. तिसरी, भाषा घरातली असावी. लोकहितवादींची वाक्ये आखूड आहेत, समोर माणूस बसला आहे अशी आहेत. जड शब्द घातल्याने विचार जड होत नाही. चौथी, उत्तराला जागा ठेवावी. आपल्याविरुद्ध लिहिणाऱ्याचे पत्रही आपल्याच पत्राशेजारी लावण्याची तयारी हवी.

शिक्षक बंधुभगिनींनो, हे काम तुमच्या हातचे आहे. शाळेत हस्तलिखित मासिक काढण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. भिंतीवर भित्तिपत्रक लावण्याचीही आहे. पण पुष्कळदा त्यात सुविचार आणि कुठून तरी उतरून घेतलेल्या कविताच असतात. एकदा असे करून पाहा. मुलांना सांगा, तुमचे गाव वीस वर्षांनी कसे असेल, ते पत्राच्या रूपाने लिहा. विहिरीचे पाणी, एस.टी.चा थांबा, शेताचे तुकडे, घरातल्या आईचे काम, गावातला तुटलेला शेजार, जे दिसते ते लिहा. खाली नाव घाला, वर तारीख घाला. मग दुसऱ्या मुलाला त्या पत्राचे उत्तर लिहायला सांगा. दोन्ही कागद शेजारी शेजारी लावा, आणि वर्ष संपले की ते फेकू नका. दप्तरी बांधून ठेवा. पाच-दहा वर्षांनी त्या कागदांतून तुमच्या गावाचा इतिहास निघेल, आणि तो गावानेच लिहिलेला असेल.

आणि श्रोतेहो, जे शाळेत नाहीत त्यांनीही मागे राहू नये. ग्रामसभेपुढे आपले म्हणणे तोंडी मांडताच, तसे ते एका कागदावर लिहूनही द्या. लिहिता येत नसेल तर नातवाकडून लिहून घ्या. शब्द मात्र तुमचे ठेवा. तुमचे भाकीत चुकेल, कदाचित तुम्हाला कोणी हसेलही. हसू द्या. लोकहितवादींनाही लोक हसले आणि ताराबाईंवरही तुटून पडले. पण हसणाऱ्यांचे काय म्हणणे होते, ते आज कोणाला आठवत नाही.

लोकहितवादींनी लिहायला सुरुवात केली तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. मुक्ता साळवे चौदा वर्षांची होती. चौदा वर्षांची मुले-मुली तुमच्या वर्गात, तुमच्या घरात आहेतच. त्यांना आजूबाजूला काय दिसते ते विचारा, आणि ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवायला सांगा.